भस्मपरीक्षण आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक : चित्र कसे वाचावे?

अलीकडे भस्मांच्या माहितीपत्रकांवर एक करड्या रंगाचे छायाचित्र छापण्याचा प्रघात पडला आहे. खसखशीच्या राशीसारखा दिसणारा पृष्ठभाग, तळाशी पांढरी मापनरेषा आणि शेजारी ‘सूक्ष्मतम नॅनोकण’ अशी ठळक अक्षरे. चिकित्सक ते पाहून मनोमन सुखावतो. औषधनिर्माता ते छापतो आणि आपल्या भस्माची परीक्षा पूर्ण झाली असे मानतो. काही वर्षांपूर्वी मीही याच समाधानात होतो. माझ्या छोट्या औषधनिर्माणशाळेत सिद्ध केलेल्या ताम्रभस्माचे असे एक छायाचित्र मी चौकटीत बसवून चिकित्सालयाच्या भिंतीवर लावले होते. आज ते तेथे नाही. ते का उतरवले, आणि उतरवूनही या यंत्राची कास का सोडली नाही, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

परीक्षा म्हणजे एक प्रश्न

रसशास्त्रातील भस्मपरीक्षा आपण सर्वांनी महाविद्यालयात प्रत्यक्ष करून पाहिल्या आहेत. त्यांच्याकडे थोडे निराळ्या दृष्टीने पाहिले तर असे दिसते की, प्रत्येक परीक्षा भस्माला एकच नेमका प्रश्न विचारते. रेखापूर्ण परीक्षा विचारते, ‘तू बोटांच्या रेषांत शिरण्याइतके सूक्ष्म आहेस काय?’ निश्चंद्र परीक्षा विचारते, ‘तुझ्यात धातूची किंवा अभ्रकाची चमक उरली आहे काय?’ अपुनर्भव परीक्षेत मित्रपंचकासह तीव्र अग्नी देऊन, धातू पुन्हा मूळ रूपात येतो का, हे पाहिले जाते. निरुत्थ परीक्षेत रजतासह तापवून रजताचे वजन वाढते का, ते पाहिले जाते. ताम्रभस्म दह्यात टाकून ठेवले असता दह्यास निळसर-हिरवी झाक येते किंवा नाही, ही परीक्षा अम्लात विरघळणारे ताम्र शिल्लक आहे का, एवढेच विचारते.

यांपैकी एका परीक्षेचे उत्तर दुसरीचे उत्तर म्हणून चालत नाही. वारितर भस्म अपुनर्भव असेलच असे नाही. म्हणूनच ग्रंथकारांनी एकच परीक्षा सांगून न थांबता परीक्षांची मालिका दिली. आधुनिक उपकरणांनाही हाच न्याय लागू पडतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हा या मालिकेतील आणखी एक प्रश्न आहे, सर्व प्रश्नांचे उत्तर नव्हे. एवढे साधे वाक्य समजण्यास मला दोन फजित्या पत्कराव्या लागल्या.

या विषयाची निकड सांगावयास नको. सन २००४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारद किंवा सोमल आढळल्याचे नमूद होते. सन २००८ मध्ये त्याच नियतकालिकाने इंटरनेटवरून खरेदी केलेल्या १९३ उत्पादनांची तपासणी छापली आणि सुमारे पाचव्या हिश्श्यात यांपैकी एखादा तरी धातू आढळल्याचे सांगितले. दरम्यान, १ जानेवारी २००६ पासून आपल्या शासनाने निर्यात होणाऱ्या वनस्पतिज औषधांसाठी जड धातूंची तपासणी सक्तीची केली. शिसे १० पीपीएम, सोमल ३ पीपीएम, पारद १ पीपीएम आणि कॅडमियम ०.३ पीपीएम या मर्यादा तेव्हापासून औषधनिर्मात्यांच्या तोंडी बसल्या. भस्मांची गोष्ट निराळी असली, तरी ‘तुमच्या भस्मात नेमके काय आहे?’ या प्रश्नाला उत्तर देण्याची जबाबदारी आपल्यावर आली, ती कायमचीच.

यंत्र पाहते म्हणजे काय करते

साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाची मर्यादा प्रकाशाच्या तरंगलांबीने ठरते. सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू त्यात वेगळे दिसत नाहीत. स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात, म्हणजेच प्रयोगशाळेच्या बोलीतील ‘सेम’मध्ये, प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत वापरतात. सन १९३० नंतरच्या दशकात जर्मनीत माक्स क्नोल आणि मान्फ्रेड फॉन आर्डेन यांनी या कल्पनेचा पाया घातला. पुढे केंब्रिज येथे चार्ल्स ओटली यांच्या गटाने ती वापरण्याजोगी केली आणि १९६५ मध्ये ‘स्टिरिओस्कॅन’ या नावाने पहिले व्यापारी यंत्र बाजारात आले.

टंगस्टनच्या तापलेल्या तारेतून निघालेले इलेक्ट्रॉन सुमारे १ ते ३० किलोव्होल्ट दाबाने वेगवान केले जातात. चुंबकीय भिंगे त्यांचा झोत अतिसूक्ष्म करतात आणि हा झोत नमुन्यावर, शेतात पाभर फिरावी तसा, ओळीने फिरतो. हे सर्व निर्वातात घडते. नमुन्यातून तीन प्रकारचे संकेत मिळतात आणि त्यांतील भेद ओळखणे हाच या विद्येचा श्रीगणेशा होय.

पहिला संकेत दुय्यम इलेक्ट्रॉनांचा. त्यातून पृष्ठभागाचा चढउतार दिसतो. माहितीपत्रकावरील चित्र बहुधा याचेच असते. दुसरा संकेत परत फिरलेल्या इलेक्ट्रॉनांचा. जेवढे मूलद्रव्य जड, तेवढा तो भाग अधिक उजळ दिसतो. तिसरा संकेत क्ष-किरणांचा. प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठराविक ऊर्जेचे क्ष-किरण देते. त्यांची ऊर्जा मोजून नमुन्यात कोणती मूलद्रव्ये आहेत हे सांगणारी जोडयंत्रणा म्हणजे ‘ईडीएस’. पहिला संकेत आकार सांगतो, दुसरा जडपणा आणि तिसरा मूलद्रव्य.

मी प्रथम प्रयोगशाळेत गेलो तेव्हा तेथील तंत्रज्ञ बाईंनी विचारले, ‘तुम्हांला नेमके काय पाहायचे आहे?’ मी म्हणालो, ‘भस्म चांगले झाले आहे की नाही, ते.’ त्या शांतपणे म्हणाल्या, ‘ते यंत्राला विचारता येणार नाही. दुसरा काही प्रश्न आहे का?’ त्या दिवशी मला त्यांचे बोलणे थोडे तुटक वाटले. आज वाटते, त्यांनी मला पहिल्याच मिनिटात संपूर्ण धडा दिला होता.

नमुन्याचे संस्कार

औषधाप्रमाणेच नमुन्यालाही संस्कार लागतात. ॲल्युमिनियमच्या छोट्या बैठकीवर कार्बनची दुतर्फा चिकटपट्टी लावून तीवर चिमूटभर भस्म पसरतात. बहुतेक भस्मे विद्युतवाहक नसल्याने त्यांवर सोन्याचा काही नॅनोमीटर जाडीचा थर चढवावा लागतो. अन्यथा पृष्ठभागावर विद्युतभार साचून चित्र पांढरे फटफटीत होते.

येथेच पहिले खाचखळगे आहेत. बैठकीचे ॲल्युमिनियम अहवालात उतरते आणि अभ्रकभस्मात तर ते मूळचेच असल्याने कोणते कोणाचे हे कळेनासे होते. चिकटपट्टीचा कार्बन उतरतो. सुवर्णभस्म किंवा सुवर्णकल्पाच्या नमुन्यावर सोन्याचा थर चढवला, तर आपण आपलेच सोने मोजून बसतो. अशा वेळी कार्बनचा थर मागून घ्यावा. शरावसंपुटाच्या संधिबंधनातील मातीचे सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम, चिनीमातीच्या खलातून झिजून आलेले कण, भावनाद्रव्याच्या राखेतून आलेले पोटॅशियम, कॅल्शियम व मॅग्नेशियम हेही सर्व दिसते. या नोंदी दोष म्हणून पाहू नयेत. त्या आपल्या निर्माणप्रक्रियेचा माग सांगतात, परंतु तो माग आपल्यालाच वाचता आला पाहिजे, कारण आपण काय केले हे तंत्रज्ञास ठाऊक नसते.

नमुना पूर्ण कोरडा हवा. मधात किंवा घृतात कालवलेले औषध निर्वातात चालत नाही. मुक्त पारद असण्याची शक्यता असलेली कज्जली देताना प्रयोगशाळेस आधी स्पष्ट सांगावे. निर्वातात पारदाची वाफ होऊन सारे यंत्रच दूषित होऊ शकते.

आणखी एक गोष्ट. १०,००० पट वर्धनावर १२ सेंटिमीटर रुंदीच्या चित्रात नमुन्याचे केवळ १२ मायक्रोमीटर मावतात. माणसाच्या केसाची जाडीही त्याहून कितीतरी अधिक असते. पाच किलो भस्मातील एवढासा तुकडा पाहून आपण संपूर्ण भस्माविषयी बोलतो. म्हणून सर्व भस्म एकत्र मिसळून, ढिगाचे चार भाग करून, समोरासमोरचे दोन भाग ठेवत पुन्हा तेच करीत नमुना काढावा आणि एका चित्रावर न थांबता निरनिराळ्या जागांची चित्रे कमी व अधिक अशा दोन्ही वर्धनांवर मागावीत.

पहिली फजिती : नसलेले शिसे

भिंतीवरील छायाचित्राबरोबर आलेला ईडीएसचा अहवाल मी प्रथम नीट वाचलाच नव्हता. महिनाभराने वाचला तेव्हा ताम्र आणि ऑक्सिजन यांच्या खाली ‘शिसे’ हा शब्द टक्केवारीसह छापलेला दिसला. मी हादरलो. ते ताम्रभस्म यकृतविकाराच्या व श्वासाच्या काही रुग्णांना चालू होते. त्याच दिवशी मी ते थांबवले. एक वृद्ध रुग्णा विचारू लागल्या, ‘डॉक्टर, औषध चांगलं लागू पडत होतं, मग बंद का केलंत?’ मला उत्तर देता आले नाही.

मी अहवाल घेऊन पुन्हा त्या तंत्रज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी आलेख पुढे ठेवला आणि २.३ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टजवळच्या एका शिखरावर बोट ठेवले. गंधकाचे शिखर २.३१ वर येते, शिशाचे एक शिखर २.३४ वर आणि पारदाचे एक शिखर २.२० वर. ईडीएसला सुमारे ०.१३ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टपेक्षा जवळची शिखरे सहजी वेगळी करता येत नाहीत. त्यातच आमच्या नमुन्यावर चढवलेल्या सोन्याचे शिखर २.१२ वर येऊन त्यांना खेटले होते. संगणकाने त्या गर्दीला आपल्या मर्जीने ‘शिसे’ असे नाव दिले होते.

त्यांनी विचारले, ‘या भस्मात गंधक असण्याचे काही कारण आहे का?’ कारण तर उघड होते. मारण कज्जलीने केले होते! हे मी त्यांना आधी सांगितलेच नव्हते. शिशाची दुसरी रेषा १०.५५ वर असते, परंतु ती उमटण्यासाठी झोताचा दाब १३ किलोव्होल्टपेक्षा अधिक असावा लागतो. आमचे विश्लेषण १० किलोव्होल्टवर झाले होते. कार्बनचा थर देऊन २५ किलोव्होल्टवर पुन्हा तपासणी केली, तेव्हा १०.५५ ची जागा रिकामी होती. छापलेल्या टक्केवारीइतके शिसे तेथे असणे शक्य नव्हते. जे होते ते गंधक होते. ज्या रुग्णेला मी उत्तर देऊ शकलो नव्हतो, तिचे औषध मी एका अक्षरयोजनेच्या चुकीमुळे थांबवले होते, आणि त्या चुकीचे मूळ माझ्या मौनात होते.

वैद्यांनी येथे एक गोष्ट ध्यानी ठेवावी. सोमलाची मुख्य रेषाही १०.५४ वर, म्हणजे शिशाच्या त्या दुसऱ्या रेषेवरच येते. तेव्हा एकाच शिखरावर विसंबून ‘आहे’ किंवा ‘नाही’ म्हणू नये. प्रत्येक मूलद्रव्याची दोन शिखरे जुळली पाहिजेत.

दुसरी फजिती : असलेले शिसे

या अनुभवाने मी ईडीएसचा आलेख वाचण्यास शिकलो आणि शिकल्याचा थोडा गर्वही झाला. पुढील ताम्रभस्माच्या वेळी तांब्याची पट्टी महाग पडत होती, म्हणून जुन्या भांड्यांची मोड घेतली. शोधन, मारण यथाविधी झाले. दही हिरवे झाले नाही. रेखापूर्णता उत्तम होती. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात कण सुरेख दिसले आणि या वेळी २५ किलोव्होल्टवर, कार्बनच्या थरासह केलेल्या ईडीएसमध्ये शिशाची एकही रेषा नव्हती. मी निश्चिंत झालो.

निर्यातीचा व्यवसाय करणाऱ्या एका मित्राने केवळ आग्रह धरला म्हणून तो नमुना आयसीपी-एमएस या तपासणीस पाठवला. अहवालात शिसे होते. वनस्पतिज औषधांसाठीच्या १० पीपीएमच्या मापाने पाहिले तर कितीतरी वर, परंतु ईडीएसच्या नजरेच्या कितीतरी खाली. कारण साधे आहे. ईडीएसला साधारणपणे ०.१ टक्क्याहून कमी असलेले मूलद्रव्य दिसत नाही. ०.१ टक्का म्हणजे १००० पीपीएम. ज्या मर्यादेची आपल्याला चिंता आहे, ती या यंत्राच्या नजरेच्या शंभरपट खाली आहे. त्यामुळे ईडीएसमध्ये ‘शिसे नाही’ याचा अर्थ ‘मला दिसले नाही’ एवढाच होतो.

शिसे आले कोठून, याचा उलगडा नंतर झाला. जुन्या भांड्यांना कल्हई होती. कल्हईच्या कथलात शिशाची भेसळ असणे ही काही नवी गोष्ट नाही. जोडाच्या डागकामातही शिसे असते. ती संपूर्ण बॅच मोहोरबंद करून बाजूला काढली. त्यातील एक गुंजही रुग्णास दिली गेली नव्हती, हे माझे शहाणपण नव्हे, मित्राचा आग्रह होता. त्याच संध्याकाळी भिंतीवरचे छायाचित्र मी उतरवले. त्या चित्राने खोटे काही सांगितले नव्हते. मीच त्याला नको तो प्रश्न विचारून उत्तर गृहीत धरले होते.

चित्र काय सांगत नाही

ईडीएस मूलद्रव्ये सांगते, संयुगे सांगत नाही. याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या घरचेच आहे. काळी कज्जली आणि लाल रससिंदूर या दोन्हींत पारद व गंधक यांचे संयुग तेच असते. भेद असतो तो स्फटिकरचनेत. ईडीएसच्या आलेखात हे दोघे जुळे भाऊ वाटतील. त्यांना वेगळे ओळखते ते एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरण विवर्तन. लोहभस्मातील लोह तांबड्या ऑक्साइडच्या रूपात आहे की काळ्या चुंबकीय ऑक्साइडच्या, हा प्रश्नही एक्सआरडीलाच विचारावा.

‘नॅनो’ शब्दाविषयीही सावध असावे. साधारणपणे १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांना नॅनोकण म्हणतात. भस्मांत असे कण असतात, याला आधार आहे. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २००९ मध्ये जसदभस्मात झिंक ऑक्साइडचे नॅनोकण आढळल्याचे प्रसिद्ध केले आहे. परंतु इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात दिसणारा दाणा हा पुष्कळदा अनेक सूक्ष्म कणांचा पुंजका असतो. त्या पुंजक्याचे माप म्हणजे कणाचे माप नव्हे, आणि एका चित्रातला एक लहान कण म्हणजे संपूर्ण भस्म नव्हे. शिवाय सूक्ष्म म्हणजे सौम्य असाही अर्थ होत नाही. कण जितका सूक्ष्म तितका त्याचा पृष्ठभाग अधिक आणि विरघळण्याचा वेगही सामान्यतः अधिक. ही बाब गुणकारी ठरू शकते, तशी अपायकारकही.

मग या यंत्राचा उपयोग काय?

उपयोग फार मोठा आहे, मात्र तो निर्माणशाळेत आहे, माहितीपत्रकावर नाही. लोहभस्म करताना ठराविक पुटांनंतर थोडा नमुना काढून, त्यावर पुटसंख्या व दिनांक लिहून ठेवावा. हे नमुने राळेत बसवून, घासून गुळगुळीत करून परत फिरलेल्या इलेक्ट्रॉनांनी पाहिले, तर करड्या ऑक्साइडच्या कणात मध्यभागी न जळलेले लोह उजळ ठिपक्यासारखे दिसते. पुट वाढत जाईल तसा तो ठिपका लहान होतो का, नाहीसा होतो का, हे डोळ्यांनी पाहता येते. अपुनर्भवाच्या दिशेने भस्माची वाटचाल कशी होत आहे याचा याहून सुबोध दाखला क्वचितच मिळेल.

दुसरा उपयोग अग्नीच्या प्रमाणाचा. गोवऱ्यांचे पुट सोडून विद्युत्-भट्टी वापरणारे औषधनिर्माते आज पुष्कळ आहेत. तापमान अधिक किंवा काळ दीर्घ झाला तर सूक्ष्म कण एकमेकांना वितळल्यागत चिकटतात, त्यांच्यात मान तयार होते आणि कण मोठा होतो. चित्रात ही मान स्पष्ट दिसते. आच वाढवली म्हणजे भस्म अधिक सूक्ष्म होते हा समज त्या एका चित्राने दूर होतो. पुटाचे प्रमाण द्रव्यानुसार पाळण्याचा आग्रह शास्त्राने का धरला, हे तेव्हा उमगते.

औषधनिर्मात्यांसाठी काही सूचना

नमुना पाठवताना पुढील बाबी पाळल्यास पैसे आणि मनस्ताप दोन्ही वाचतील.

१. प्रश्न लेखी द्यावा : कणाचा आकार, न जळलेला धातू की मूलद्रव्ये?
२. मारणद्रव्ये, भावनाद्रव्ये आणि संपुटाची माती यांची यादी सोबत द्यावी.
३. सोन्याचा थर की कार्बनचा, हे सांगावे. पारद, गंधक, शिसे किंवा सुवर्ण यांचा प्रश्न असल्यास कार्बनचाच मागावा.
४. ईडीएस २० किलोव्होल्ट किंवा अधिक दाबावर करवून घ्यावे आणि छापील टक्केवारीबरोबर मूळ आलेखही मागावा.
५. संयुगासाठी एक्सआरडी आणि सूक्ष्म प्रमाणातील जड धातूंसाठी आयसीपी-एमएस ही तपासणी वेगळी करावी.
६. शास्त्रोक्त भस्मपरीक्षा स्वतः करून त्यांची नोंद त्याच बॅचच्या कागदपत्रांत ठेवावी.
७. कच्चा धातू भस्म करण्यापूर्वीच तपासावा. मोड घेऊ नये.

ही सोय आता दुर्मीळ राहिलेली नाही. आयआयटी मुंबईतील ‘सैफ’ या नावाने ओळखले जाणारे उपकरण केंद्र शुल्क घेऊन बाहेरील नमुने तपासते. लहान औषधनिर्मात्यांनी संघटनेमार्फत एकत्र येऊन नमुने पाठवले, तर एकेकट्याचा भार हलका होईल.

त्या वृद्ध रुग्णेला मी पुढे सर्व हकिकत सांगितली. त्या म्हणाल्या, ‘म्हणजे आधी नव्हतं तेव्हा थांबवलंत, आणि होतं तेव्हा मित्रामुळे वाचलो!’ यावर मला हसू आले, पण ते वाक्य मी आजही विसरलेलो नाही. उतरवलेले छायाचित्र आता त्या बॅचच्या धारिकेत आहे. त्याच्या शेजारी दह्याच्या परीक्षेची नोंद, ईडीएसचे दोन्ही आलेख आणि तांब्याच्या खरेदीची पावती आहे. भस्माविषयी कोणी विचारले तर मी चित्राऐवजी ती धारिका पुढे ठेवतो.